सीएसएस बदललं तरी युजरला जुनंच का दिसतं, आणि त्यावरचा पक्का इलाज

वेबसाइटचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने फोनवर कधी ना कधी हे सांगितलेलं असतं, "एकदा कंट्रोल शिफ्ट आर दाबून बघा ना". सर्व्हरवर नवीन सीएसएस (पान कसं दिसेल ते ठरवणारी फाइल) गेलेलं असतं, आपल्या मशीनवर सगळं झकास दिसत असतं, आणि समोरच्याला मात्र जुनंच बटण दिसत असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे एचटीएमएल (पानाचा सांगाडा) नवीन आणि सीएसएस जुनं अशी सरमिसळ होऊन अख्खं पान विस्कटलेलं दिसत असतं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एक तर मोबाइलवर असली बटणं नसतातच, आणि दुसरं म्हणजे जो फोन करतो त्याला आपण सांगू शकतो, पण जे फोन न करता साइट बंद करून निघून जातात त्यांचं काय, त्यांची यात काहीच चूक नसते. हा प्रॉब्लेम आपल्या बाजूचा आहे आणि तो आपल्याच बाजूला पूर्णपणे सुटतो, त्याला कॅशे बस्टिंग म्हणतात, आणि आज बहुतेक सगळ्या फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार साच्यांमध्ये) त्याची सोय तयार असते. तरी लोक अर्धवट वापरतात, कारण आत नेमकं काय चाललंय ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ब्राउझर काय करतो ते बघू. पान उघडलं की त्यात सीएसएस, जावास्क्रिप्ट, फोटो, फाँट असं बरंच काही जोडलेलं असतं, या सगळ्यांना स्टॅटिक फाइल्स म्हणायचं, कारण त्या प्रत्येक युजरसाठी सारख्याच असतात. प्रत्येक पानाला त्या परत परत डाउनलोड करणं म्हणजे डेटा आणि वेळ दोन्ही वाया, म्हणून ब्राउझर त्यांची एक प्रत स्वतःकडे ठेवतो, या साठ्याला कॅशे म्हणतात. किती वेळ ठेवायची हे सर्व्हर सांगतो, फाइलसोबत ज्या सूचना जातात त्यांना हेडर म्हणतात, त्यातल्या कॅशे-कंट्रोल नावाच्या हेडरमध्ये मॅक्स-एज म्हणून सेकंदांचा आकडा येतो, म्हणजे ८६४०० आला तर एक दिवस. आणि इथे लोकांचा गोंधळ होतो तो हा की त्या एका दिवसात ब्राउझर सर्व्हरला विचारतसुद्धा नाही, विनंतीच जात नाही, थेट डिस्कवरची प्रत वापरतो. सातबाऱ्याची प्रत घरात कपाटात ठेवलेली असते आणि तिकडे तलाठ्याकडे फेरफार होऊन नोंद बदललेली असते, कपाटातल्या कागदाला ते कळायचा काही मार्गच नसतो, तसंच हे आहे. सर्व्हरवर तुम्ही काहीही करा, ब्राउझरने विचारलंच नाही तर तुम्ही त्याला सांगणार कसं?

काही जण म्हणतात आम्ही कॅशिंगचं काही सेटिंग केलेलंच नाही त्यामुळे आमच्याकडे हा त्रास येणार नाही. येतो. हेडर नसेल तर ब्राउझरला स्वतः अंदाज करायची मुभा एचटीटीपीच्या स्टँडर्डमध्येच आहे, आणि तिथे सुचवलेला नेहमीचा हिशोब असा की फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या १० टक्के काळ ती ताजी समजायची. म्हणजे तुमची सीएसएस फाइल १०० दिवसांपूर्वी बदलली असेल तर ब्राउझर ती १० दिवस न विचारता वापरू शकतो. एनजिनएक्स हा सर्व्हर साध्या सेटिंगमध्ये शेवटच्या बदलाची तारीख आणि ईटॅग (फाइलच्या त्या प्रतीची खूण) पाठवतो पण कॅशे-कंट्रोल पाठवत नाही, त्यामुळे नुसता बसवलेला सर्व्हर याच अंदाजाच्या खात्यात जातो, आणि मग एका युजरला नवीन दिसतं, दुसऱ्याला जुनं, आणि कुणाला काय दिसेल याचा काही नेम नाही.

मग सोपा उपाय सुचतो की प्रत्येक वेळी विचारायलाच लावू. ते करता येतं, कॅशे-कंट्रोलमध्ये नो-कॅशे लिहिलं की ब्राउझर प्रत ठेवतो पण वापरायच्या आधी दर वेळी सर्व्हरला विचारतो की माझ्याकडे या ईटॅगची प्रत आहे, चालेल का, आणि सर्व्हर फाइल बदललेली नसेल तर ३०४ असं छोटंसं उत्तर देतो, फाइल परत पाठवत नाही. (प्रत अजिबातच ठेवू नको असं सांगायचं असेल तर नो-स्टोअर, ते वेगळं.) डेटा वाचला, पण फेरी वाचली नाही. ऑफिसच्या फायबरवर ही फेरी जाणवत नाही, पण घाटात सिग्नल येतो-जातो अशा ठिकाणी किंवा गावाकडे टॉवर लांब असेल तिथे एकेका फेरीला अर्धा सेकंदही लागतो, आणि सीएसएस आल्याशिवाय ब्राउझर पान रंगवतच नाही, त्यामुळे युजर पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसतो आणि शेवटी उत्तर येतं की काही बदललेलं नाही.

तर आपल्याला दोन्ही हवंय, बदल नसेल तेव्हा ब्राउझरने विचारूही नये, आणि बदल झाला की लगेच नवीन घ्यावं. एकाच पत्त्यावर हे दोन्ही जमत नाही. पण एका पत्त्यावर जे आहे ते कधीच बदलायचं नाही असं ठरवलं की जमतं. फाइलमधला मजकूर बदलला की ती फाइल नव्या नावाने ठेवायची, जुनं नाव जुन्याच मजकुराचं राहील. मग त्या नावाची प्रत ब्राउझरने वर्षभर ठेवली तरी ती कधी चुकीची ठरणारच नाही, आणि नवीन एचटीएमएलमध्ये नवीन नाव असल्यामुळे ब्राउझरकडे ती फाइल नसते, तो मुकाट्याने आणतो. कॅशे कुठेच रिकामा करावा लागत नाही, ब्राउझरचा नाही, सीडीएनचा (युजरच्या जवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याचा) नाही, मधल्या कुठल्या प्रॉक्सीचाही (वाटेतल्या मध्यस्थ सर्व्हरचा) नाही. अख्खी पद्धत एवढीच आहे, बाकी सगळं हे नाव कसं ठरवायचं आणि ते सगळीकडे कसं पोचवायचं याबद्दल आहे.

नाव ठरवायचे चार-पाच प्रकार चालतात. सगळ्यात जुना म्हणजे हाताने, फाइलच्या पुढे प्रश्नचिन्ह देऊन व्ही बरोबर २ लिहायचं, पुढच्या वेळी ३. हे चालतं, फक्त माणूस विसरतो, आणि विसरतो तो नेमका शुक्रवारी संध्याकाळच्या घाईच्या डिप्लॉयला, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढवताना. वर्डप्रेसवाल्यांना हे ओळखीचं असेल, तिथे स्टाइल किंवा स्क्रिप्ट एनक्यू करताना (पानाला जोडताना) व्हर्जनचा पॅरामीटर असतो आणि तो दिलाच नाही तर वर्डप्रेस स्वतःच्या व्हर्जनचा आकडा लावतो, म्हणजे तुम्ही थीमचं सीएसएस दहा वेळा बदललं तरी वर्डप्रेस अपडेट होईपर्यंत पत्ता तोच राहतो. मराठीतल्या कितीतरी साइट वर्डप्रेसवर आहेत, आणि 'बदल दिसत नाही' या तक्रारीमागे हे कारण बऱ्याचदा निघतं, तर निदान तिथे फाइलची शेवटची बदललेली वेळ तरी लावा, पीएचपीमध्ये फाइलएमटाइम नावाचं फंक्शन त्यासाठीच लोक वापरतात.

पण वेळ लावण्यातही अडचण आहेच. गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, फाइलची मूळ वेळ जपत नाही, चेकआउट केलं (त्यातून फाइल्स बाहेर काढल्या) की फाइलवर चेकआउटची वेळ बसते. दोन सर्व्हर असतील तर दोघांवर वेळ वेगळी, म्हणजे तीच फाइल दोन पत्त्यांवर, आणि दर डिप्लॉयला काही न बदलता सगळे पत्ते बदललेले. रेल्स या फ्रेमवर्कमध्ये आधी हीच पद्धत होती, फाइलच्या पुढे टाइमस्टँप जोडायची, आणि याच कारणांसाठी २०११ साली रेल्स ३.१ मध्ये असेट पाइपलाइन आली तेव्हा ती सोडून फाइलनावातच मजकुराचा हॅश टाकायला सुरुवात झाली. तिसरा प्रकार म्हणजे गिटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) नंबर लावणं, हे दोन सर्व्हरचा प्रश्न सोडवतं पण एका टायपोसाठी डिप्लॉय केलं तरी फाँटपासून लायब्ररीपर्यंत सगळं नव्या पत्त्यावर जातं आणि युजर सगळं परत डाउनलोड करतो. त्याच्या डेटा पॅकमधून, हे लक्षात ठेवा.

म्हणून मजकुराचा हॅश. हॅश म्हणजे फाइलमधले सगळे बाइट एका गणितातून घालवायचे आणि बाहेर एक ठराविक लांबीची अक्षरांची माळ येते, मजकूर तोच तर माळ तीच, एक स्वल्पविराम बदलला तरी माळ पूर्ण वेगळी. स्टाइल.सीएसएस ची मग स्टाइल.७एफ३सी९०ए१डी४बी२.सीएसएस होते. माणसाने काही लक्षात ठेवायचं नाही, फाइल बदलली नसेल तर नाव बदलत नाही, दहा सर्व्हर असले तरी सगळीकडे तेच नाव. जँगो हे फ्रेमवर्क यासाठी एमडी५ या हॅशच्या पद्धतीची पहिली १२ अक्षरं घेतं, आणि इथे कुणीतरी हमखास विचारतं की एमडी५ तर असुरक्षित आहे ना, तर पासवर्ड आणि सह्यांसाठी आहेच, पण इथे कुणाला फसवण्याचा प्रश्न नाही, फक्त दोन मजकूर वेगळे ओळखायचेत, त्याला हे भरपूर झालं.

हॅश पुढे प्रश्नचिन्हानंतर लावायचा की नावात घालायचा, यावर लोक फारसा विचार करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक इथेच आहे. पूर्वी कारण असं दिलं जायचं की स्क्विडसारखे प्रॉक्सी प्रश्नचिन्ह असलेले पत्ते कॅशेच करत नाहीत, त्यांच्या जुन्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते खरंच होतं, २.७ आणि ३.१ पासून ते बदललं. आता ते कारण जुनं झालं, पण खरं कारण वेगळंच आहे. समजा दोन सर्व्हर आहेत आणि डिप्लॉय चालू आहे, पहिल्यावर नवीन कोड गेलाय, दुसऱ्यावर अजून जुना आहे. युजरला पहिल्या सर्व्हरकडून नवीन एचटीएमएल मिळालं, त्यात स्टाइल.सीएसएस प्रश्नचिन्ह व्ही बरोबर नवीन हॅश. ही विनंती लोड बॅलन्सरने (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेने) दुसऱ्या सर्व्हरला पाठवली. स्टॅटिक फाइल देताना सर्व्हर प्रश्नचिन्हापुढचं काही बघतच नाही, त्याच्याकडे स्टाइल.सीएसएस नावाची जुनी फाइल आहे, ती त्याने देऊन टाकली, २०० ओके म्हणून, म्हणजे सगळं ठीक असं सांगून, वर वर्षभर ठेव असं हेडर लावून. आणि मध्ये सीडीएन असेल तर त्याने ती प्रामाणिकपणे साठवली. आता नवीन पत्त्यावर जुना मजकूर वर्षभरासाठी बसला, त्या भागातल्या सगळ्या युजरना तोच मिळणार, आणि तुम्ही दोन्ही सर्व्हर तपासलेत तर दोन्ही एकदम बरोबर दिसणार. हा बग शोधताना माणूस वेडा होतो.

नावातच हॅश असेल तर दुसरा सर्व्हर सरळ ४०४ देतो, म्हणजे फाइल नाही असं उत्तर. पान थोडा वेळ बिघडतं हे खरं, पण चुकीचा मजकूर बरोबर म्हणून कुठे साठत नाही, आणि ४०४ लॉगमध्ये दिसतो, त्यावर अलर्ट लावता येतो.

आता एका फ्रेमवर्कमध्ये हे आतून कसं चालतं ते बघू, मी जँगो घेतोय कारण त्यात सगळे टप्पे स्वच्छ दिसतात. जँगोत हे २०१२ च्या १.४ पासून होतं पण तेव्हा कुठल्या फाइलचं कुठलं नाव ही माहिती जँगोच्या कॅशेत ठेवली जायची, आणि तो कॅशे उडाला की नावं परत मोजत बसायची. २०१४ च्या १.७ मध्ये मॅनिफेस्ट-स्टॅटिक-फाइल्स-स्टोरेज आलं आणि ती माहिती स्टॅटिकफाइल्स.जेसन नावाच्या एका साध्या फाइलमध्ये जायला लागली, आज हेच वापरायचं. ४.२ पासून ते स्टोरेजेस नावाच्या सेटिंगमध्ये लिहितात, जुनं स्टॅटिकफाइल्स-स्टोरेज हे सेटिंग ५.१ मध्ये काढून टाकलंय, त्यामुळे जुने लेख बघून ते टाकलं तर नव्या जँगोत काही होणार नाही, आणि एररही येणार नाही म्हणून पटकन कळणारही नाही.

कलेक्टस्टॅटिक कमांड चालवली की सगळ्या ॲपमधल्या स्टॅटिक फाइल्स एका फोल्डरमध्ये गोळा होतात, मग प्रत्येक फाइलचा हॅश काढून हॅशच्या नावाने दुसरी प्रत ठेवली जाते. पण सीएसएसच्या आत बॅकग्राउंडचा फोटो असतो, फाँट असतो, दुसरं सीएसएस इंपोर्ट केलेलं असतं, त्यांचीही नावं बदललीत ना, मग आधी ती आतली नावं बदलायची आणि मग बदललेल्या मजकुराचा हॅश काढायचा, हा क्रम चुकून चालत नाही, कारण फोटो बदलला तर सीएसएसचंही नाव बदललंच पाहिजे, नाहीतर जुनं सीएसएस जुन्याच फोटोकडे बोट दाखवत राहील. एका सीएसएसमध्ये दुसरं, त्यात तिसरं असं असेल तर जँगो परत परत फेऱ्या मारतो, डिफॉल्टला जास्तीत जास्त ५, आणि एकमेकांना गोल गोल इंपोर्ट केलेलं असेल तर शेवटी एरर देतो. शेवटी सगळ्यांची जोडी मॅनिफेस्टमध्ये लिहिली जाते, मूळ नाव आणि हॅशवालं नाव. टेंप्लेटमध्ये (एचटीएमएलच्या साच्यात) तुम्ही स्टॅटिक टॅगला मूळ नावच देता, तो मॅनिफेस्टमधून खरं नाव काढून एचटीएमएलमध्ये टाकतो.

यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. डीबग (चुका शोधायचं सेटिंग) चालू असेल तर जँगो हॅशवालं नाव देतच नाही, मूळ नावच देतो, म्हणून लोकलला, आपल्या मशीनवर, सगळं चालतं आणि प्रॉडक्शनला, खऱ्या साइटवर, गेल्यावर मॅनिफेस्टमध्ये नोंद सापडली नाही अशी व्हॅल्यू-एरर येऊन पान ५०० (सर्व्हरकडून चूक झाली असं उत्तर) देतं. लोक घाबरून मॅनिफेस्ट-स्ट्रिक्ट (नोंद नसेल तर एरर द्यायचं सेटिंग) बंद करतात, कृपा करून करू नका, ती एरर तुम्हाला सांगतेय की टेंप्लेटमध्ये अशा फाइलचं नाव आहे जी नाहीच, किंवा कलेक्टस्टॅटिक चाललंच नाही, दोन्ही गोष्टी कळायलाच हव्यात. टेस्ट चालवताना मात्र डीबग आपोआप बंद असतो, तिथे साधं स्टॅटिक-फाइल्स-स्टोरेज लावायचं, डॉक्युमेंटेशनमध्येही तसंच सांगितलंय. दुसरं, जँगोची प्रोसेस मॅनिफेस्ट एकदाच वाचते आणि मेमरीत ठेवते, त्यामुळे कलेक्टस्टॅटिक चालवून गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) रिस्टार्ट केला नाही तर जुनीच नावं जात राहतात. तिसरं, कुणीतरी टेंप्लेटमध्ये घाईत स्टॅटिक टॅग न वापरता सरळ स्लॅश स्टॅटिक स्लॅश असा पत्ता लिहून टाकतं, तो चालतो कारण मूळ नावाची प्रतही फोल्डरमध्ये असते, पण त्याला हॅश नाही. जावास्क्रिप्टच्या आत स्ट्रिंगमध्ये लिहिलेल्या फोटोच्या पत्त्यांचंही तसंच, जँगोला ते दिसत नाहीत, आणि जावास्क्रिप्टच्या इंपोर्टमधली नावं बदलण्याची सोय आहे पण ती डिफॉल्टला बंद असते. असे पत्ते एचटीएमएलमध्ये डेटा ॲट्रिब्यूटमधून द्यायचे, तिथे स्टॅटिक टॅग लावता येतो.

हे तिसरं प्रकरण धोकादायक कधी होतं? जेव्हा एनजिनएक्समध्ये अख्ख्या स्टॅटिक फोल्डरला एक वर्षाचं मॅक्स-एज लावलेलं असतं, म्हणजे ३१५३६००० सेकंद. हॅशवाल्या नावांना ते अगदी योग्य आहे, पण बिनहॅशच्या नावालाही ते लागलं तर ती फाइल युजरच्या ब्राउझरमध्ये वर्षभर अडकली, आणि एकदा गेलेला हेडर परत घेता येत नाही. म्हणून नियम नावावर लावा, ज्या नावात १२ अक्षरी हॅश आहे त्याला वर्ष, बाकीच्यांना एखादा मिनिट. व्हाइटनॉइज (जँगोतून स्टॅटिक फाइल्स देणारं पॅकेज) वापरत असाल तर ते हे स्वतःच ओळखतं, हॅशवाल्या फाइलला दहा वर्षं लावतं आणि बाकीच्यांना ६० सेकंद. माझ्या मते छोट्या आणि मध्यम प्रोजेक्टला व्हाइटनॉइज लावून मोकळं व्हावं, एनजिनएक्समध्ये हे हाताने करण्यात काही विशेष मिळत नाही.

हेडरमध्ये इम्म्यूटेबल असाही एक शब्द लिहितात, तो का आला ते सांगतो. मॅक्स-एज वर्षाचं असलं तरी युजरने रीलोड दाबलं की ब्राउझर सगळ्या फाइल्सबद्दल परत विचारायचे आणि शेकडो ३०४ यायचे. फेसबुकच्या इंजिनिअर लोकांनी हे लक्षात आणून दिलं, मग फायरफॉक्सने ४९ मध्ये इम्म्यूटेबल पाळायला सुरुवात केली, २०१७ मध्ये त्याचं आरएफसी ८२४६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) झालं, सफारीनेही घेतलं. क्रोमने तो शब्द न घेता रीलोडची पद्धतच बदलली, आता रीलोडला तो मुख्य पानाबद्दल विचारतो आणि बाकीच्या फाइल्स नेहमीसारख्या कॅशेतून घेतो. लिहायला काही पैसे पडत नाहीत, लिहून टाका.

आणि एचटीएमएल? त्याचं नाव बदलता येत नाही, लोकांनी तोच पत्ता बुकमार्क केलेला असतो, व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. साखळीची सुरुवात तिथे आहे, त्यामुळे एचटीएमएलला नेहमी नो-कॅशे किंवा अगदी थोडा वेळ. मी बघितलंय की लोक हॅशिंगचं सगळं नीट करतात आणि मग सीडीएनवर अख्ख्या साइटला एक दिवसाचा नियम लावतात, मग जुनं एचटीएमएल जुन्या नावांकडे बोट दाखवत राहतं आणि केलेल्या कामाचा उपयोग शून्य.

आता जुन्या फाइल्सचं काय करायचं. हा भाग बहुतेक ठिकाणी सुटतो आणि खरा त्रास युजरला इथेच होतो. कुणीतरी दुपारी पान उघडून टॅब तसाच ठेवला, तुम्ही संध्याकाळी डिप्लॉय केलं, त्याने रात्री त्याच टॅबमध्ये एका बटणावर क्लिक केलं आणि त्या बटणामागचं जावास्क्रिप्ट तेव्हा लोड होणारं होतं. त्याचं पान जुनं, त्याला जुन्या हॅशची फाइल हवी, ती सर्व्हरवर नाही. वेबपॅक आणि व्हीट हे जावास्क्रिप्टच्या फाइल्स एकत्र बांधणारे बंडलर, त्यातल्या वेबपॅकमध्ये चंक (तुकडा) लोड एरर येते, व्हीटमध्ये डायनॅमिक इंपोर्ट फेल झाल्याची, आणि युजरला फक्त एवढंच दिसतं की बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, मग तो बिचारा पुन्हा पुन्हा दाबत बसतो.

साध्या सर्व्हरवर कलेक्टस्टॅटिक जुन्या हॅशच्या फाइल्स आपणहून काढत नाही, क्लिअर हा पर्याय मुद्दाम दिला तरच काढतं, म्हणून पूर्वी हा त्रास कमी होता. डॉकर (ॲप एका बंद डब्यात, कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) आल्यापासून वाढला, कारण प्रत्येक इमेज, म्हणजे त्या डब्याचा साचा, कोरी असते, तिच्यात फक्त आजच्या फाइल्स. यावर उपाय म्हणजे स्टॅटिक फाइल्स कंटेनरमधून न देता एका बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठ्यात) किंवा सीडीएनच्या मागच्या स्टोरेजमध्ये ठेवायच्या, तिथे प्रत्येक डिप्लॉयच्या नवीन फाइल्स आधीच्यांच्या शेजारी पडतात, नावं वेगळी असल्यामुळे भांडण नाही. फिनिक्स या फ्रेमवर्कमध्ये तर यासाठी वेगळी कमांड आहे, ती साफसफाई करते पण मागची दोन व्हर्जन मुद्दाम ठेवते. महिनाभर जुन्या फाइल्स ठेवायला स्टोरेजचा जो काही खर्च येईल तो मी डोळे झाकून करेन.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी स्टॅटिक फाइल्स अपलोड, त्या सगळ्या पोचल्यावरच नवीन कोड. उलटं केलं तर नवीन एचटीएमएल नसलेल्या फाइल मागतं आणि सीडीएन तो ४०४ सुद्धा थोडा वेळ लक्षात ठेवू शकतो. आणि बिल्ड (कोडमधून शेवटच्या फाइल्स तयार करणं) एकदाच करायचं, दोन सर्व्हरवर दोनदा नाही, कारण बिल्डमध्ये कुठे तारीख घुसली किंवा फाइल्सचा क्रम बदलला तर मजकूर बदलतो, हॅश बदलतो आणि दोन सर्व्हर दोन वेगळी नावं सांगायला लागतात.

सिंगल पेज ॲपवाल्यांनी (एकच एचटीएमएल पान, बाकी सगळं जावास्क्रिप्टने) अजून एक बघावं. त्यांच्याकडे सहसा नियम असतो की फाइल सापडली नाही तर इंडेक्स.एचटीएमएल द्या, राउटिंगसाठी. मग हरवलेल्या जावास्क्रिप्ट फाइलच्या जागी २०० ओके म्हणून एचटीएमएल जातं, ब्राउझर ते जावास्क्रिप्ट समजून वाचायला जातो आणि पहिल्याच अक्षराला, कोनी कंसाला, अडखळतो. ती अनपेक्षित टोकनची एरर बघून लोक तासन् तास कोडमध्ये बग शोधतात, कोडमध्ये काहीच नसतं. असेट्सच्या फोल्डरला तो नियम लागू होऊ देऊ नका, तिथे ४०४ च जाऊ दे.

मोठ्या ॲपमध्ये अजून एक गोष्ट जाणवते, हॅशची साखळी. एका छोट्या फाइलचा हॅश बदलला की तिला इंपोर्ट करणाऱ्या फाइलमध्ये ते नवीन नाव लिहावं लागतं, म्हणून तिचाही हॅश बदलतो, मग तिला इंपोर्ट करणारीचा, असं थेट वरपर्यंत, आणि एका ओळीच्या बदलासाठी अर्धं ॲप परत डाउनलोड. बंडलरमध्ये लायब्ऱ्यांचा वेगळा चंक काढतात तो याचसाठी, रिॲक्टसारखी लायब्ररी दर आठवड्याला बदलत नाही, तुमचा कोड बदलतो. वेबपॅकमध्ये नावात कंटेंटहॅशच वापरा, नुसता हॅश अख्ख्या बिल्डचा असतो आणि मग परत कमिट नंबरसारखीच गत होते. यातून मुळापासून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे इंपोर्ट मॅप, फाइल्सच्या आत साधी नावं राहतात आणि कुठलं नाव म्हणजे कुठली हॅशवाली फाइल हे एचटीएमएलमध्येच एका जागी लिहिलेलं असतं, त्यामुळे एक फाइल बदलली तर एकच फाइल डाउनलोड होते. क्रोममध्ये ते ८९ पासून आहे, फायरफॉक्समध्ये १०८ पासून, सफारीत १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून सगळीकडे, आणि रेल्स ७ ने तर तेच डिफॉल्ट केलं. मला ही दिशा मनापासून आवडते.

काही फाइल्सना हॅश लावायचाच नाही. रोबोट्स.टीएक्सटी, फॅव्हआयकॉन.आयसीओ, कारण बाहेरचे लोक त्या ठरलेल्या नावानेच शोधतात. सर्व्हिस वर्करला (पानामागे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टला) तर अजिबात नाही, ब्राउझर त्याच पत्त्यावर जाऊन नवीन आहे का बघतो, पत्ता बदलला तर जुना वर्कर जुनंच पान देत राहतो आणि त्या पानाला नवीन पत्ता कधी कळतच नाही. ईमेलमधले फोटो, कारण ईमेल दोन वर्षांनीही कुणी उघडू शकतं आणि पाठवलेलं बदलता येत नाही. दुसऱ्यांच्या साइटवर टाकायला दिलेली स्क्रिप्ट असेल तर ती अगदी छोटी, कमी वेळाच्या कॅशेची ठेवा आणि तिने पुढची हॅशवाली फाइल आणावी. युजरने अपलोड केलेल्या फोटोंना फ्रेमवर्क हात लावत नाही, पण तत्त्व तेच, प्रोफाइल फोटो बदलला तर जुन्याच नावावर लिहू नका, नवीन नाव द्या.

आपल्या साइटवर हे नीट चाललंय का ते तपासायला फार वेळ लागत नाही. डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा आणि आधी तिथला डिसेबल कॅशेचा टिक काढा, कित्येक डेव्हलपरचा तो वर्षानुवर्षं चालूच असतो आणि त्यामुळे युजरला जे दिसतं ते त्यांना कधी दिसतच नाही. मग साइटच्या एका पानावरून दुसऱ्यावर जा, हॅशवाल्या फाइल्ससमोर आकाराच्या जागी डिस्क कॅशे किंवा मेमरी कॅशे दिसलं पाहिजे, ३०४ नाही. एचटीएमएलच्या हेडरमध्ये नो-कॅशे आहे का बघा. कोडमध्ये काही न बदलता एकदा परत बिल्ड करा आणि मॅनिफेस्टची आधीच्याशी तुलना करा, एकही नाव बदललं असेल तर बिल्डमध्ये कुठेतरी तारीख किंवा असंच काहीतरी घुसतंय. आणि एक टॅब उघडा ठेवून डिप्लॉय करा, मग त्याच जुन्या टॅबमध्ये अजून न उघडलेल्या एखाद्या भागावर क्लिक करून बघा. तो उघडला नाही तर जुन्या फाइल्स ठेवायचं काम बाकी आहे, आणि तेच आधी हातात घ्या.